गळाला लागलेले प्रश्न : तलावातल्या ट्रोलिंगला रील कुठली घ्यायची?

मागच्या अंकात डाउनरिगरबद्दल लिहिलं होतं, त्यावर आलेले बहुतेक सगळे प्रश्न रीलचेच आहेत, त्यामुळे या वेळची सगळी जागा रीललाच. तो अंक ज्यांचा हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात, ट्रोलिंग म्हणजे चालत्या बोटीमागे ल्युअर (नकली आमिष) ओढत मासे धरणं, आणि डाउनरिगर म्हणजे बोटीच्या काठावर बसवलेली छोटी चरखी, तिच्या तारेला साधारण ८ ते १२ पौंडांचा गोळा, गोळ्याजवळ एक क्लिप आणि त्या क्लिपमध्ये आपली लाइन अडकवायची. गोळा खाली जातो, आपला ल्युअर हव्या त्या खोलीवर घेऊन जातो, माशाने झटका दिला की लाइन क्लिपमधून सुटते आणि पुढची झटापट वजनाशिवाय, साध्या लाइनवर होते. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की सॅमन-ट्राउटसारखे थंड पाण्यातले मासे खाली उतरतात, तिथपर्यंत पोचायला हा खटाटोप. १९६६ साली अमेरिकेतल्या लेक मिशिगनला मिळणाऱ्या नद्यांमध्ये कोहो सॅमनची पिल्लं सोडली आणि त्यानंतर तिकडे हा प्रकार इतका फोफावला की ट्रोलिंगच्या रील्सचा मोठा बाजार त्याभोवती उभा राहिला.

प्रश्न : दादा, माझ्याकडे किनाऱ्यावरून गळ टाकायची स्पिनिंग रील आहे, ४००० साइजची, एकदम चांगली. आता मित्राच्या बोटीवर ट्रोलिंग सुरू करतोय. हीच चालेल का नवीन घ्यायलाच लागेल?

चालेल, पण वैतागाल. म्हणजे बघा, किनाऱ्यावर रील सतत तुमच्या हातात असते, फेकायचं, गुंडाळायचं, परत फेकायचं, त्यामुळे ती हलकी हवी आणि लाइन लांब जायला हवी. ट्रोलिंगमध्ये रील तासन्‌तास होल्डरमध्ये नुसती बसून असते, फेकणं हा विषयच नाही, आणि काम पडतं तेव्हा एकदम पडतं. त्यामुळे स्पिनिंग रीलचे जे गुण तुम्हाला आवडतात ते इथे कामालाच येत नाहीत.

खरी अडचण गोळा खाली सोडताना येते. लाइन क्लिपमध्ये अडकवली की गोळ्याबरोबर लाइनही खाली जायला हवी, सैल सोडली तर गुंता आणि घट्ट धरली तर क्लिप सुटते. आडव्या स्पूलच्या (स्पूल म्हणजे लाइन गुंडाळायचं रीळ) साध्या ट्रोलिंग रीलमध्ये क्लच उघडून स्पूल मोकळा करायचा, क्लिकर म्हणजे लाइन सुटली की वाजणारी कळ ऑन करायची, अंगठा स्पूलवर हलका टेकवायचा आणि एका हाताने गोळा सोडत राहायचं, लाइन टर्रर्र करत आपसूक जाते. स्पिनिंगमध्ये बेल (लाइन धरणारी तारेची कमान) उघडलीत तर लाइन वेटोळी होऊन उडते, नाही उघडलीत तर ड्रॅग (मासा ओढेल तशी लाइन सोडणारा ब्रेक) सैल करून लाइन सोडायची आणि नंतर परत घट्ट करायचा, आणि दिवसभरात एकदा तरी तो घट्ट करायचा राहतोच. बेटरनर टाइपची स्पिनिंग रील असेल, म्हणजे मागे वेगळा सैल ड्रॅग असतो ती, तर हा त्रास बराच कमी होतो.

दुसरं म्हणजे पीळ. मासा लाइन ओढतोय, ड्रॅग सरकतोय आणि आपण घाबरून हँडल फिरवतोय, असं झालं की स्पिनिंग रील प्रत्येक फेऱ्याला लाइनला पीळ घालते. लहान ट्राउटला ठीक आहे, मोठ्या माशाबरोबर पंधरा मिनिटं गेली की लाइन स्वतःभोवतीच गुंडाळायला लागते. तेव्हा पहिले काही दिवस तीच वापरा, हौस टिकतेय का बघा, आणि मग लेव्हलवाइंडवाली गोल ट्रोलिंग रील घ्या. लेव्हलवाइंड म्हणजे पुढे तो डावी-उजवीकडे सरकणारा लाइनचा डोळा. नवख्या माणसाने त्याच्याशिवायची रील घेऊच नये, गडबडीत अंगठ्याने लाइन सारखी पसरवायची कुणाला आठवत नाही, सगळी लाइन एका बाजूला ढीग होऊन बसते आणि स्पूल अडकतो.

बेटकास्टिंगची चपटी लो-प्रोफाइल रीलही चालते, छोट्या माशांना तर मस्त, पण तिच्यात लाइन कमी मावते आणि बऱ्याच मॉडेल्सना क्लिकर नसतो, तेवढं बघून घ्या.

प्रश्न : लाइन काउंटरवाली रील घेतली. काउंटरवर १०० फूट दिसतं, तरी मित्राच्या रीलपेक्षा माझा ल्युअर नेहमी जवळच असतो. दोन्ही रील्स एकाच कंपनीच्या आहेत. माझी खराब निघाली का?

नाही हो, रील ठणठणीत असणार, आधी स्पूल किती भरलाय ते बघा. काउंटर लाइन मोजत नाही, स्पूलचे फेरे मोजतो, आणि ‘एका फेऱ्याला इतकी लाइन’ असा हिशोब आत ठरलेला असतो, तोही स्पूल पूर्ण भरलाय असं धरून. समजा भरलेल्या स्पूलचा व्यास २ इंच आहे. लाइन जात गेली किंवा तुम्ही मुळातच कमी भरली आणि व्यास १.६ इंचावर आला, तर प्रत्येक फेऱ्याला २० टक्के लाइन कमी जाते, काउंटर मात्र जुनाच हिशोब लावत बसतो. म्हणजे काउंटरवर १०० आणि पाण्यात ८०. तुमचं नेमकं हेच होत असणार. बहुतेक रील्सच्या माहितीपत्रकात काउंटर कुठल्या जाडीच्या लाइनवर जुळवलाय ते दिलेलं असतं, त्याच्या जवळपासची लाइन काठोकाठ भरा, म्हणजे काठाखाली जेमतेम २-३ मिलिमीटर सोडून. मग मोकळ्या मैदानात टेपने १०० फूट मोजून लाइन ओढा आणि काउंटर काय म्हणतो ते टिकलीवर लिहून रीलला चिकटवा.

आणि खरं सांगू का, आकडा बरोबर असण्यापेक्षा तो सगळ्या रील्सवर सारखा असणं जास्त महत्त्वाचं. ज्या रीलला ‘८५’ वर मासा लागला तिच्यावर परत ८५ लावलं की झालं, ते खरे ७५ असले तरी माशाला काय फरक पडतो. पण दुसऱ्या रीलवर तेच ८५ लावायचं असेल तर मॉडेल तेच, लाइन तीच आणि भरलेलीही तेवढीच हवी. म्हणून ट्रोलिंगवाले रील्स जोडीने घेतात.

फक्त एक घोळ करू नका, डाउनरिगरवर रीलचा काउंटर खोली सांगत नाही. खोली डाउनरिगरचा स्वतःचा काउंटर सांगतो, तीसुद्धा पूर्ण खरी नसते कारण बोट पुढे चालली की तार मागे तिरकी होते आणि गोळा आकड्यापेक्षा थोडा वर असतो. रीलचा काउंटर इथे एकाच गोष्टीला, की ल्युअर गोळ्याच्या किती मागे ठेवलाय. लाइन ३० फूट सोडली, क्लिपमध्ये अडकवली, तिथे काउंटरचं काम संपलं, पुढे गोळा खाली जाताना तो वाढत राहतो तिकडे लक्ष देऊ नका. त्यामुळे फक्त डाउनरिगरच वापरणार असाल तर साध्या रीलवरही भागतं, ३० फुटांवर मार्करने खूण केली तरी पुरे. काउंटरचा पैसा वसूल होतो तो डायव्हर (लाइनला खाली खेचणारी चकती), लेडकोर (आत शिशाची तार असलेली जड लाइन) किंवा बोटीमागे सरळ सोडलेल्या लाइनवर.

प्रश्न : गिअर रेशो किती घ्यावा? एक जण म्हणतो ४ च्या आसपास, ताकद मिळते. दुसरा म्हणतो ६ च्या खाली घेऊ नको.

गिअर रेशो म्हणजे हँडलच्या एका फेऱ्याला स्पूल किती वेळा फिरतो ते. दोघं आपापल्या जागी बरोबर आहेत, तुम्ही काय ओढणार त्यावर आहे. डाउनरिगरला मी वेगाच्या बाजूने.

का ते हिशोबानेच बघा. गोळा ६० फूट खाली, ल्युअर गोळ्याच्या ३० फूट मागे. लाइन रॉडपासून खाली ६० आणि मग मागे ३०, अशी काटकोनात ९० फूट गेलेली आहे. क्लिप सुटली की हा कोन मोडतो आणि लाइन रॉडपासून माशापर्यंत सरळ होऊ बघते, ते सरळ अंतर भरतं साधारण ६७ फूट. म्हणजे २३ फूट लाइन एका क्षणात सैल! रॉड जो धनुष्यासारखा वाकलेला असतो तो ताडकन सरळ उभा राहतो, थोडी लाइन तो खेचतो, बाकीची तुम्ही गुंडाळायची. बोट ताशी २ मैलांनी चाललीये म्हणजे सेकंदाला ३ फुटांच्या आसपास, नुसत्या बोटीच्या भरवशावर राहिलात तर ७-८ सेकंद लाइन सैल, आणि त्यात मासा वरच्या दिशेने सुटला तर विचारूच नका. तेवढ्या वेळात गळ झटकून टाकायला त्याला फार कष्ट लागत नाहीत.

आता रेशोपेक्षा बॉक्सवर ‘एका फेऱ्याला किती इंच’ लिहिलेलं असतं ते बघा, तोच खरा आकडा, कारण रेशो सारखा असला तरी मोठा स्पूल जास्त लाइन खेचतो. २ इंच व्यासाचा भरलेला स्पूल आणि ५.१ चा रेशो, फेऱ्याला ३२ इंच. २३ फूट गोळा करायला ९ फेरे. फेऱ्याला २० इंच देणारी रील असेल तर त्याच कामाला १४ फेरे. हा पाच फेऱ्यांचा फरक बोटीवर चांगलाच जाणवतो.

डायव्हर किंवा लेडकोरला मात्र पहिला मित्र बरोबर. तिथे लाइन कायम ताणलेलीच असते, सैल पडायचा प्रश्न कमी, उलट पाण्याचा दाब आणि मासा दोन्ही एकदम ओढायचं असतं, तिथे ६ च्या वरची रील मनगटाचा भुगा करते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातले बरेच जण तर अजूनही १:१ च्या सिंगल-अॅक्शन रील्सवर सॅमन धरतात, गिअरच नाही, मासा पळाला की हँडल उलटं गरागरा फिरतं आणि बोटांचे सांधे सोलून काढतं. ज्यांना आवडतं त्यांना लखलाभ.

प्रश्न : ड्रॅग १० किलोवाली घेऊ का १२ किलोवाली? दोन्हीत बराच फरक आहे किमतीचा.

तुमची लाइन किती पौंडाची, ते आधी सांगा ना. २० पौंडी मोनो (एकाच धाग्याची साधी नायलॉन लाइन) असेल तर ती तुटते ९ किलोच्या आसपास, आणि ड्रॅग लावायचा त्याच्या पाव ते तिसरा हिस्सा, म्हणजे सव्वादोन ते तीन किलो. तो १२ चा आकडा तुम्ही आयुष्यात वापरणार नाही. वरच्या टोकाला ड्रॅग किती धरतो यापेक्षा खालच्या टोकाला तो किती अलगद सुटतो ते तपासा. दुकानातच लाइन किंवा जाड दोरा लावून हळूहळू ओढा. लाइन आधी अडली आणि मग हिसक्याने सुटली, तर ती रील तिथेच ठेवा. तीच अडखळ पाण्यात माशाच्या पहिल्या धावेला लाइन तोडते नाहीतर तोंड फाडते, कोकनी (गोड्या पाण्यातच राहणारा सॅमन) सारख्या नाजूक तोंडाच्या माशाला तर नक्कीच. कार्बन फायबरचे वॉशर असले की सहसा हा त्रास नसतो.

अजून एक, स्पूल रिकामा होत जातो तसा तोच ड्रॅग जड होत जातो. व्यास निम्म्यावर आला की ओढायला दुप्पट जोर लागतो, तुम्ही नॉबला हात न लावताही, वर लांब लाइनला पाण्याची ओढ वेगळीच. म्हणून मासा लांब पळाला की ड्रॅग घट्ट करायची जी खुमखुमी येते ती आवरा. फार सैलही नको, कारण रॉड वाकवून ठेवायचा ताण ड्रॅगनेच धरायचा असतो. प्रत्येक लाटेला क्लिकर टिक्‌टिक्‌ करत लाइन सोडत असेल तर थोडा घट्ट करा. घरी आल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, वॉशर दबून राहत नाहीत.

प्रश्न : सगळे ब्रेडेड (बारीक धाग्यांची विणलेली) लाइन वापरा म्हणतात, बारीक असते, जास्त मावते. डाउनरिगरला लावू का?

मावते हे खरं, पण मी डाउनरिगरला १५ ते २० पौंडी मोनोच लावतो, २५०-३०० यार्ड. इतकी कशाला, तर मासा पळाला तरी बोट थांबवता येत नाही, बाकीच्या लाइन्स पाण्यात असतात. ब्रेडेड लाइन गुळगुळीत, क्लिपच्या रबरात धरतच नाही, सरकते, आणि घट्ट धरली तर रबरच कापते. शिवाय ताणत नाही, त्यामुळे धक्का सोसायला काही उरत नाही.

तरी लावायचीच असेल तर स्पूलवर आधी मोनोचे थोडे वेढे द्या, नाहीतर मासा लागल्यावर सगळी लाइन स्पूलवरच गोल घसरते आणि तुम्ही हँडल फिरवत बसता. आणि पुढे मोनोचा तुकडा जोडा, तो गोळ्यामागच्या अंतरापेक्षा बराच लांब हवा. ३० फूट मागे ठेवणार आणि मोनो २० फूटच, मग क्लिप येणार ब्रेडेडवरच. गाठ लेव्हलवाइंडच्या डोळ्यातून न अडखळता जाते ना ते घरीच बघून घ्या.

प्रश्न : त्याच रीलवर कधीकधी लेडकोर भरलं तर?

नको. लेडकोर जाड असतं, दर १० यार्डांना रंग बदलतो, पूर्ण १० रंग म्हणजे १०० यार्ड, त्याच्यामागे बॅकिंग (स्पूलच्या तळाची जादा लाइन) आणि पुढे लीडर (ल्युअरला बांधायचा लाइनचा तुकडा), हे सगळं डाउनरिगरच्या मध्यम रीलमध्ये बसत नाही. काउंटरही त्यावर भलतंच बोलतो, पण तिथे रंगच मोजायचे असतात, त्यामुळे त्याची गरज नाही. मोठ्या स्पूलची जुनी, बिनकाउंटरची रील कुणाकडे धूळ खात पडली असेल तर ती मागून घ्या, ड्रॅग साफ करा, या कामाला उत्तम.

प्रश्न : बेअरिंग किती असावेत? आणि हँडल डावं का उजवं?

बेअरिंगचे आकडे जाहिरातीसाठी. होल्डरमध्ये बसलेल्या रीलला २-३ चांगले पुरतात, त्याऐवजी धातूची फ्रेम आणि धातूचा स्पूल बघा, ताणाखाली गुंडाळलेली मोनो नंतर आक्रसते आणि स्वस्तातला प्लास्टिकचा स्पूल दाबून तडकवते. हँडल तुम्हाला सवय असेल त्या बाजूचं घ्या, फक्त बोटीवरच्या सगळ्या रील्सचं एकाच बाजूला असू द्या, दोन रॉड एकदम वाजले की कुठल्या हाताने काय फिरवायचं हा विचार करायला वेळ नसतो.