कोडिंग, तर्क आणि तबला: यातलं एकच धरावं का?

तुमचा प्रश्न असा आहे की, डेव्हलपरची नोकरी करताना तर्कशास्त्र, अल्गोरिदम (प्रश्न सोडवायच्या ठरावीक पायऱ्या) आणि शास्त्रीय संगीत असं सगळंच आवडत असेल, तर एकच धरून बाकीचं सोडावं का. माझं उत्तर: मुळीच सोडू नका. मी बॅकएंडचं (सॉफ्टवेअरच्या पडद्यामागच्या भागाचं) काम करते आणि तबला शिकते, पण माझ्यापेक्षा कितीतरी मोठं उदाहरण महाराष्ट्रातच होऊन गेलंय.

तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. हुद्दा हिशेबखात्याच्या प्रमुखाचा. त्याने ‘संगीतरत्नाकर’ हा संगीतावरचा ग्रंथ लिहिला. पहिल्याच अध्यायात गर्भात शरीर कसं घडतं हे येतं, मग नाद, श्रुती (स्वरांमधली सूक्ष्म अंतरं), स्वर आणि तिथेच स्वरप्रस्तार. प्रस्तार म्हणजे सात स्वरांच्या सगळ्या मांडण्या ठरावीक क्रमाने लिहिणं. एकूण ५०४०. पहिली सारेगमपधनी, शेवटची नीधपमगरेसा.

खरी गंमत पुढे आहे. यादी न लिहिता ४०००वी मांडणी कोणती, हे शोधायचं. याला ‘नष्ट’ म्हणतात. उलट, मांडणी दिली तर तिचा क्रमांक काढायचा, ते ‘उद्दिष्ट’. या क्रमात शेवटचा स्वर सगळ्यात सावकाश बदलतो: पहिल्या ७२० मांडण्यांत तो नी असतो, पुढच्या ७२० मध्ये ध, मग प, म, ग, आणि ३६०१ ते ४३२० मध्ये रे. म्हणजे ४०००व्या मांडणीचा शेवट रे. आता त्या गटातली ती ४००वी. उरलेल्या सहा स्वरांचे १२०-१२०चे गट पाडले की ३६१ ते ४८० मध्ये म येतो, म्हणून रेच्या आधी म. असंच मागे मागे जायचं. शार्ङ्गदेवाने यासाठी ‘खंडमेरू’ नावाचा आकड्यांचा तक्ता दिलाय. त्याच्या प्रत्येक स्तंभातला शेवटचा आकडा घेतला तर १+१+४+१८+९६+६००+४३२० = ५०४०. १ ते ५०४० मधली कुठलीही संख्या प्रत्येक स्तंभातून एकेक आकडा घेऊन जमते, आणि तीही एकाच प्रकारे. आज आपण फॅक्टोरियल (१×२×३ असे चढते गुणाकार) पायाची संख्यापद्धती म्हणून शिकतो ती हीच. हिशेब, तर्क आणि गाणं एकाच डोक्यात शेजारी नांदत होते, म्हणूनच हे लिहिलं गेलं असं मला मनापासून वाटतं.

तबल्यात तर हे रोज भेटतं. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. सोळा मात्रांच्या तीनतालात समेपासून तिहाई सुरू करून पुढच्या समेवर यायचं असेल तर ती सम धरून १७ मात्रा लागतात. तुकडा ‘त’ मात्रांचा आणि मधला दम (थांबा) ‘द’ मात्रांचा धरला, तर ३त + २द = १७. पाचचा तुकडा आणि एकाचा दम, किंवा तीनचा तुकडा आणि चारचा दम. पूर्ण मात्रांत चारचा किंवा सहाचा तुकडा कधीच बसणार नाही, कारण १७ मधून सम संख्या वजा केली की विषमच उरते आणि ३त विषम असेल तर त विषमच हवा. करून बघायची गरजच नाही, हे सिद्ध झालं! ‘खाली’पासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून, उचललं तर ९ मात्रा मिळतात, तिथे तीनचा तुकडा बेदम, म्हणजे मध्ये न थांबता, बसतो.

मात्र ‘संगीत म्हणजे गणितच’ असं म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. स्वरांची कोणती मांडणी भूप रागात शोभेल, हे खंडमेरू सांगत नाही. म आणि नी वर्ज्य, एवढं सांगून उरलेल्या पाच स्वरांची छोटी यादी करता येईल, पण तेच पाच स्वर देशकार रागातही आहेत. भूपात गंधारावर (ग) थांबणं आणि देशकारात धैवतावर (ध), हा फरक ऐकून, गाऊन, गुरूकडून दुरुस्त करून घेतच अंगात येतो. म्हणूनच संगीताला वेगळा, रोजचा वेळ द्या, कोडिंगचा जोडधंदा म्हणून नको. तर्क आणि अल्गोरिदम यांना मात्र वेगळे तास लागत नाहीत. ते कामात येतातच, फक्त ‘चाललं ना’ इथे न थांबता ‘का चाललं’ विचारावं लागतं.

आणि सुरुवात कुठून करू असं वाटत असेल, तर सा रे ग म या चारच स्वरांच्या २४ मांडण्या आधी हाताने लिहा, मग नष्ट आणि उद्दिष्टचे दोन छोटे फंक्शन लिहा. एकाचं उत्तर दुसऱ्यात घातलं की मूळ क्रमांक परत मिळायला हवा.