नव्या गुलाबाचं नाव ठरवताना

प्रिय मित्रा,

तुझ्या रोपाचा फोटो पाहिला. आतल्या पाकळ्या जर्दाळूच्या रंगाच्या, बाहेरच्या उमलता उमलता फिकट होत गेलेल्या, आणि कडेला बारीकशी गुलाबी रेघ. आपण केलेल्या संकराचं बी रुजून असं फूल आलं की जीव हरखून जातो. पण त्याच दिवशी नाव ठरवायची घाई मला पटली नाही. त्यातही तू नाव शोधतोयस ते रंगांच्या अर्थांच्या तक्त्यात: लाल प्रेमाचा, पांढरा पावित्र्याचा, पिवळा मैत्रीचा. या तक्त्यावर फार विसंबू नकोस.

पिवळ्याचंच बघ. एकोणिसाव्या शतकात युरोपात फुलांच्या भाषेची पुस्तकं लोक आवडीने वाचत. त्यांत पिवळा गुलाब मत्सराचा, ओसरलेल्या प्रेमाचा. आज तोच मैत्रीचा म्हणून देतात. पांढऱ्याला निष्पापपणा चिकटलेला, पण 1942 साली म्युनिकमधल्या विद्यार्थ्यांनी हिटलरविरुद्ध पत्रकं काढली ती ‘पांढरा गुलाब’ या नावाने. त्यांच्यातली सोफी शोल 21 वर्षांची होती. 22 फेब्रुवारी 1943 ला तिला मृत्युदंड दिला. हे माहीत असलेल्या माणसाला पांढरा गुलाब नुसता निरागस कसा वाटेल? निळ्याचं कारण तर थेट रसायनात आहे. डेल्फिनिडिन हे निळं रंगद्रव्य गुलाबात तयार होत नाही, म्हणून निळा गुलाब म्हणजे अशक्य गोष्ट. जपानच्या सनटोरी कंपनीने दुसऱ्या फुलाचं जनुक घालून ते द्रव्य गुलाबात आणलं (फूल अजून जांभळटच दिसतं) आणि मग त्याचा अर्थही ‘स्वप्न साकार झालं’ असा सांगायला सुरुवात केली.

आता मला सगळ्यात प्रिय असलेली हकिकत सांगतो, कारण तुला हवं ते सगळं तिच्यात आहे. फ्रान्समधले गुलाबांचे पैदासकार फ्रांसिस मेयाँ यांनी 1935 च्या हंगामात केलेल्या संकरातून एक रोप निवडलं. नोंदवहीत त्याला नाव नव्हतं, नुसता क्रमांक: 3-35-40. फूल मोठं, फिकट पिवळं, पाकळीची कड गुलाबी. पानं जाड आणि चकचकीत. ते रोप त्यांनी काही वर्षं पारखलं. दुसरं महायुद्ध पेटण्याच्या सुमारास त्याच्या डोळेकाड्या (कलमासाठीच्या, डोळे असलेल्या फांद्या) परदेशांत पाठवल्या आणि नंतर संपर्क तुटला. फ्रान्समध्ये त्यांनी त्याला आपल्या आईचं नाव दिलं, ‘मादाम ए. मेयाँ’. जर्मनीत ते ‘ग्लोरिया डेई’ झालं, इटलीत ‘जोया’. अमेरिकेत 29 एप्रिल 1945 ला, हिटलरच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी, त्याचं नाव जाहीर झालं: ‘पीस’, म्हणजे शांती. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेसाठी जमलेल्या शिष्टमंडळांच्या प्रमुखांना या गुलाबाचं एकेक फूल दिलं गेलं.

म्हणजे जुन्या पुस्तकांनी ज्या रंगाला मत्सर म्हटलं, त्याच रंगाचा गुलाब जगात शांतीचा ठरला. आणि ते नाव त्याला पेललं, कारण झाड दणकट होतं. रोगाला पटकन बळी पडणारं, दोन वर्षांत खंगणारं असतं, तर नुसत्या नावाने ते इतक्या बागांत टिकलं असतं असं मला वाटत नाही.

म्हणून तूही आधी क्रमांक दे. खुंटावर, म्हणजे दुसऱ्या दणकट गुलाबाच्या बुंध्यावर, तुझ्या रोपाचे डोळे बसवून चार-सहा कलमी झाडं तयार कर आणि निदान दोन-तीन बहर बघ. फिकट होणारा रंग कडक उन्हात मळकट दिसतो का, हे एका फोटोवरून कळत नाही. छाटणीनंतर नवी फूट किती जोमाने येते, भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) धरते का, कळी पूर्ण उमलते की पावसात कुजते, हे सगळं लिहून ठेव. नाव सुचेल ते यातूनच.

नियमांचं थोडक्यात सांगतो. गुलाबाच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंद अमेरिकन रोझ सोसायटी ठेवते. एका वाणाचं नोंदलेलं नाव दुसऱ्याला देता येत नाही, म्हणून आधी यादी तपास. नवं नाव लॅटिनमध्ये चालत नाही. बाजारात एकाच गुलाबाला देशोदेशी वेगळी नावं असतात, त्यामुळे पैदासकाराचा सांकेतिक शब्दही नोंदतात: प्रसिद्ध ‘आइसबर्ग’ या पांढऱ्या गुलाबाचा संकेत ‘कॉर्बिन’, त्यातली पहिली तीन इंग्रजी अक्षरं कॉर्डेस या जर्मन पैदासकार घराण्याची. हयात व्यक्तीचं नाव द्यायचं असेल तर तिची लेखी संमती घे. दिवंगतांचं द्यायचं तर भारतीय कृषिशास्त्रज्ञ आणि गुलाबांचे पैदासकार बी. पी. पाल यांचा ‘डॉ. होमी भाभा’ आठव. पांढऱ्या फुलाला अणुशास्त्रज्ञाचं नाव! कुठल्याच तक्त्यात न बसणारं, तरी मला ते फार आवडतं. फूल पाहणारा विचारतो, हे कोण, आणि सांगावंसं वाटतं.

तुझ्या आजीचं नाव द्यायचा विचार तू शेवटच्या ओळीत, जरा संकोचानेच लिहिला आहेस. मेयाँ यांनी आईचं दिलं, तू आजीचं दे, संकोच कसला? फक्त झाडाची परीक्षा होऊ दे. पुढच्या छाटणीनंतरच्या नोंदी मला पाठव, पानांचे फोटो खालच्या बाजूनेही काढ, आणि गंध सकाळी घेऊन बघ, दुपारी तो उडालेला असतो.

तुझा,
गुलाबवेडा सर