भारताशेजारच्या देशातलं एखादं समुद्रकाठचं शहर तुम्ही पायी फिरला आहात का? अनुभव कसा होता?

हो, श्रीलंकेतलं गॉल. क्रिकेटच्या बातम्यांत काही जण 'गाले' लिहितात, तिथली माणसं 'गाल्ल' म्हणतात. चार दिवस होतो आणि त्यातले तीन एका किल्ल्याच्या आतच गेले.

मी वेंगुर्ल्याचा. आमच्या गावात सतराव्या शतकातली डचांची वखार आहे. आहे म्हणजे भिंती उभ्या आहेत, बाकी पडझड आणि रान. लहानपणी तिकडे चेंडू गेला की आणायला कोण जाणार यावरून भांडणं व्हायची. त्यामुळे डचांचा किल्ला म्हटल्यावर डोळ्यांसमोर तेच चित्र होतं. गॉलच्या जुन्या दरवाजातून आत शिरलो तर समोरून शाळेच्या पोरांनी भरलेली रिक्षा आली.

हा किल्ला नांदता आहे. पोर्तुगीजांनी १५८८ मध्ये कोट घालायला सुरुवात केली, १६४० मध्ये डचांनी तो घेतला आणि आजचे तट-बुरूज बहुतेक त्यांचेच. १७९६ मध्ये इंग्रज आले. ही सगळी अदलाबदल त्या एका दरवाजावरच वाचता येते: बाहेरून इंग्रजांचं राजचिन्ह, आतून डच कंपनीची मुद्रा, खाली १६६९ साल, दोन बाजूंना सिंह आणि वर चक्क कोंबडा. आत कोर्ट आहे, काळे कोट सावरत जाणारे वकील आहेत. मशीद, चर्च, बुद्धविहार, शाळा, वाळत घातलेले कपडे, सगळं आहे. लेन बान नावाची गल्ली म्हणजे पूर्वीची दोर वळणाऱ्यांची जागा. दीपगृहासमोरच्या पांढऱ्या इमारतीला मी दोन दिवस चर्च समजत होतो, ती मशीद निघाली. डचांनी गटारं अशी बांधली होती की भरतीचं पाणी आत शिरून ती धुऊन काढायचं. हे ऐकल्यावर मी आपला रस्त्यातली प्रत्येक जाळी वाकून बघायला लागलो.

किल्ल्यातच एका घरात खोली घेतली होती. घरमालकीण साठीच्या, घरात तमिळ बोलणारं मुसलमान कुटुंब. मी त्यांना सरळ 'अक्का' म्हणायला लागलो. हा शब्द मराठीत चालतो, तमिळमध्ये चालतो आणि सिंहलीतही. सकाळी त्यांनी पानात वाढलं ते बघून मी हसलोच. आमचे शिरवाळेच की, तांदळाच्या पिठाच्या शेवया! फक्त आमच्याकडे ते नारळाच्या गोड रसात खातात. तिथे सोबत हळदीचा पातळ नारळरस आणि 'पोल संबोल', म्हणजे खवलेला नारळ, लाल मिरची, कांदा, लिंबू आणि सुकवलेल्या माशाचा चुरा. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, तिसऱ्यानंतर अजून मागून घेतलं. दुपारी कवठाचं सरबत. कवठाची चटणी खाऊन वाढलेल्या माणसाला ते फार अप्रूप वाटणार नाही, पण उन्हात बरं वाटतं.

गल्लीत सकाळ-संध्याकाळ एक रिक्षा यायची, मागे काचेचं कपाट आणि त्यात पाव, बन. वरच्या भोंग्यातून पियानोची खेळण्यातली वाटावी अशी एकच धून. धून ऐकू आली की अक्का हातातलं काम टाकून दारात. त्या म्हणाल्या, पूर्वी ही रिक्षा प्रत्येक दाराशी थांबायची. आता शेजारची बरीच घरं बाहेरच्यांनी विकत घेतली, कुठे कॅफे झाले, कुठे हॉटेलं. पाववाला आता गल्लीतून न थांबता पुढे जातो. तिथली कॉफी मीही प्यायलो, किंमत बघून गार झालो आणि अक्कांना सांगितलं नाही.

संध्याकाळी अख्खं गाव तटावर. नवरा-बायको, आज्या, पतंगवाली पोरं. चंद्र-बुरुजावर उभं राहिलं की खाली क्रिकेटचं मैदान दिसतं, तेच, जिथे २०१० साली मुरलीधरनने आपल्या प्रग्यान ओझाला बाद करून आठशेवा बळी घेतला. २००४ च्या त्सुनामीत ते मैदान आणि शेजारचा बसस्टँड उद्ध्वस्त झाला. तटाच्या आतलं गाव मात्र बरंचसं वाचलं. मैदानावर पुन्हा कसोटी व्हायला डिसेंबर २००७ उजाडला. खाडीपलीकडे रुमस्सलाची टेकडी दिसते. हनुमानाने नेलेल्या संजीवनीच्या डोंगराचा पडलेला तुकडा, असं तिथले लोक सांगतात.

जाणार असाल तर कोलंबो फोर्टवरून आगगाडीने जा आणि उजवीकडची खिडकी धरा, रूळ बराच वेळ समुद्राला चिकटून जातात. मला खिडकी मिळाली नाही, अलुथगामापर्यंत दारात उभा होतो. वाटेत हिक्कडुवाच्या अलीकडे पेरालिया लागतं. त्सुनामीच्या दिवशी गाडी इथेच लाटेखाली सापडली आणि हजाराहून अधिक माणसं गेली. शक्यतो पौर्णिमा टाळा. तिथे तिला 'पोया' म्हणतात, सुट्टी असते, दारू मिळत नाही. नाहीतर मुद्दाम पौर्णिमेलाच जा, पांढऱ्या कपड्यांतली माणसं विहारात जाताना दिसतात.

भाषेची धास्ती घेऊ नका. मीठ 'लुणु', मिरची 'मिरिस', पुस्तक 'पोत', हात 'अत'. 'हरी हरी' म्हणजे ठीक ठीक, रिक्षावाला दोनदा म्हणाला तेव्हा मला वाटलं जप करतोय.

शेवटच्या दिवशी अक्कांसाठी लिंबं आणायला किल्ल्याबाहेरच्या जुन्या डच बाजारात गेलो. भाजीवाली मावशी एकेक लिंबू पिशवीत टाकत मोजत होती. "एक, देक, तुन, हतर, पहा." मी मान वळवून पाहिलं. मागे काहीच नव्हतं, नुसती भोपळ्यांची रास. पुन्हा तिच्याकडे बघितलं तर ती पाच बोटं दाखवत होती.