भाषाविज्ञानाच्या बातम्या आणि साधने: पदवी नसलेल्या वाचकाने सुरुवात कोठून करावी?

आपण विचारले आहे की, भाषाविज्ञानाची पदवी नसताना घरच्या घरी अभ्यास करायचा तर कोणती साधने धरावीत, आणि भाषांविषयी येणाऱ्या बातम्यांपैकी कोणत्या विश्वसनीय मानाव्यात. नोकरी सांभाळून अनेक वर्षे हाच अभ्यास करत आल्यामुळे मला असे वाटते की, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. बातमी ज्या भाषिक सामग्रीवर उभी असते, तिथपर्यंत आपल्याला स्वतः पोहोचता आले पाहिजे. साधने निवडायची ती त्यासाठी.

‘दर दोन आठवड्यांनी जगातील एक भाषा मरते’ हे वाक्य आपल्याही वाचनात आले असेल. सुमारे ६,००० भाषांपैकी निम्म्या पुढील १०० वर्षांत नाहीशा होतील असा अंदाज धरला, तर वर्षाला ३०, म्हणजे साधारण बारा दिवसांना एक, असा भागाकार येतो. त्या भागाकाराचे पुढे वर्तमानकाळी विधान होऊन बसले. हवाई आणि ईस्टर्न मिशिगन या दोन विद्यापीठांतील संशोधकांनी संकटग्रस्त भाषांची सूची तयार करताना प्रत्यक्ष नोंदी तपासल्या, तेव्हा २०१३ मध्ये त्यांनी मांडलेला वेग साधारण तीन महिन्यांना एक भाषा असा होता. हा वेगसुद्धा मन विषण्ण करणारा आहे, आणि म्हणूनच तो नेमका सांगितला जावा असे मला कळकळीने वाटते.

सामग्रीपर्यंत पोहोचायचे तर सर्वप्रथम पदशः अर्थ दिलेली, म्हणजे शब्दाच्या प्रत्येक तुकड्याखाली त्याचा अर्थ लिहिलेली, उदाहरणे वाचायला शिकावे. त्यासाठी लाइपझिग नियम म्हणून ओळखले जाणारे दहा नियम आहेत. ते विनामूल्य मिळतात आणि एका बैठकीत वाचून होतात. आपल्याच भाषेवर ते चालवून पाहा. ‘मुलीने दरवाजा उघडला’ आणि ‘मुलीने खिडकी उघडली’ ही दोन वाक्ये घ्या. दुसऱ्या वाक्यातील क्रियापद ‘उघड-ल्-ई’ असे तोडले, की खालच्या ओळीत ‘उघडणे-पूर्ण-स्त्रीलिंग’ असे लिहायचे. वर जितके हायफन, तितकेच खाली. हा नियम पाळताना प्रत्येक तुकड्याचा हिशेब द्यावाच लागतो. मग ध्यानात येते की, शेवटची ‘ई’ मुलीमुळे आलेली नसून खिडकीमुळे आली आहे, कारण दरवाजा उघडणारीही मुलगीच होती. ही सवय लागली की, अनोळखी भाषेविषयीचा लेखही आपण उदाहरणांपासून वाचू लागतो आणि लेखकाच्या निष्कर्षाकडे नंतर वळतो.

दुसरे साधन म्हणजे जगातील भाषांच्या रचनांचा नकाशासंग्रह, ज्याला अभ्यासक ‘वॉल्स’ म्हणतात. तो २००५ मध्ये पुस्तकरूपाने निघाला आणि आता महाजालावर सर्वांना खुला आहे. मराठीत ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ असा भेद आहे. त्यावरील प्रकरणात २०० भाषांची तुलना असून त्यांपैकी ६३ भाषांत हा भेद सर्वनामांत स्पष्ट दिसतो. संग्रहात एकूण २,६०० हून अधिक भाषा असल्या, तरी बहुतेक नकाशांवर काही शेच असतात, हे विसरू नये. नकाशावरील बहुतेक ठिपक्यांमागे कोणीतरी लिहिलेले व्याकरण असते, आणि ठिपक्यावरून त्या ग्रंथाच्या नावापर्यंत जाता येते. तेवढा प्रवास अवश्य करावा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रॅमबँक’ या संग्रहात १९५ वैशिष्ट्ये दोन हजारांहून अधिक भाषांसाठी नोंदवली आहेत, आणि एखाद्या भाषेविषयी काय लिहिले गेले आहे हे शोधायला ‘ग्लॉटोलॉग’ ही सूची उत्तम आहे.

तिसरे साधन मला सर्वांत प्रिय आहे. अॅमस्टरडॅम विद्यापीठातील पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेले ‘प्राट’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर आपला आवाज डोळ्यांना दाखवते. ‘चार’ ही संख्या आणि गुरांचा ‘चारा’ हे दोन शब्द स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून पाहा. लिहिताना अक्षर तेच, उच्चार मात्र पहिल्यात तालव्य आणि दुसऱ्यात दंततालव्य. प्राटमधील वर्णपट, म्हणजे आवाजातील कमी-अधिक कंप्रता दाखवणारे चित्र, सुरुवातीला ५,००० हर्ट्झपर्यंतच दिसतो, आणि ‘चारा’मधील घर्षणाचा बराचसा भाग त्याच्या वर असल्यामुळे नवखा अभ्यासक ‘मला काहीच फरक दिसत नाही’ असे म्हणून सोडून देतो. ती मर्यादा १०,००० पर्यंत वाढवावी. मग ‘चार’मधील घर्षणाचा करडा पट्टा खालपासून सुरू झालेला आणि ‘चारा’चा वर सरकलेला स्पष्ट दिसतो. शाळेत पाठ केलेला भेद असा समोर उभा राहिला, तेव्हा मला झालेला आनंद आजही तसाच आठवतो.

नव्या संशोधनाच्या वार्तेसाठी ‘लिंगबझ’ हे भाषाविज्ञानाच्या लेखांचे खुले संकेतस्थळ पाहावे, मात्र तेथील बरेच लेख तज्ज्ञपरीक्षणापूर्वीचे असतात हे लक्षात ठेवून. परीक्षण झालेले लेख खुलेपणाने वाचायचे असतील तर ‘ग्लॉसा’ हे नियतकालिक आहे. २०१५ मध्ये ‘लिंग्वा’ या जुन्या नियतकालिकाच्या संपूर्ण संपादक मंडळाने खुल्या प्रकाशनाच्या आग्रहापायी राजीनामा दिला आणि त्यातून ते उभे राहिले. ग्रंथांसाठी ‘लँग्वेज सायन्स प्रेस’ ही खुली ग्रंथप्रकाशन संस्था पुरेशी आहे.

या सगळ्याआधी एक काम करून पाहावे असे मी सुचवीन. आंतरराष्ट्रीय भाषाविज्ञान ऑलिम्पियाड २००३ पासून भरते आणि तिच्या जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह विनामूल्य उपलब्ध आहेत. अनोळखी भाषेतील काही वाक्ये अर्थासह दिलेली असतात आणि केवळ तर्काने तिचे नियम शोधायचे असतात. एक प्रश्न घ्या, उत्तर न पाहता त्याला दोन संध्याकाळी द्या, आणि आपण कोणत्या वाक्यापाशी अडलात ते येथे लिहा. तेथून पुढे आपण मिळून पाहू.