स्वर्गाची आशा असूनही रडू का येते?

‘स्वर्गावर माझा पूर्ण विश्वास आहे, मग भावासाठी अजून रडू का येते? माझा विश्वासच कच्चा आहे का?’ बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातल्या ख्रिस्ती कुटुंबांतून समुपदेशनासाठी येणारी माणसे हा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात. संकेश्वरकडच्या एका ताईंनी तो विचारला, तेव्हा त्यांचा मोठा भाऊ महामार्गावरच्या अपघातात जाऊन सात महिने झाले होते. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.

दफनविधीनंतर भेटायला येणाऱ्यांनी त्यांना दोनच गोष्टी पुन्हापुन्हा सांगितल्या होत्या. दादा प्रभूत निजला आहे, तेव्हा रडायचे नाही. आणि आता आईला व वहिनीला तुम्हीच सांभाळायचे. दोन्ही गोष्टी मायेपोटीच सांगितलेल्या होत्या, यात शंका नाही. परंतु ‘तुमचे कसे चालले आहे?’ असे त्यांना कोणी विचारलेच नव्हते. भाऊ गेला की लोक आईवडिलांचे, पत्नीचे, मुलांचे सांत्वन करतात आणि बहीण चहाचे कप भरत राहते. समाज ज्याची दखल घेत नाही अशा दुःखाचा अभ्यास शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 साली मांडला. भावंडांचे दुःख पुष्कळदा याच प्रकारात मोडते, असे मला या कामात वारंवार दिसते.

या ताई एक वही घेऊन आल्या होत्या. भावाच्या गॅरेजची उधारीची वही. गावातली माणसे येऊन राहिलेले पैसे इमानदारीने देऊन जात, पण रक्कम मिळाल्यावर नावावर रेघ मारायला त्यांचा हात धजत नसे, कारण प्रत्येक नाव दादाच्या तिरप्या अक्षरात लिहिलेले होते. ब्रेक पॅड, क्लच वायर, ऑइल, आणि पुढे रक्कम. त्या पानांवरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, “मॅडम, तो स्वर्गात आहे हे मला माहीत आहे. पण तो गॅरेजात नाही, याचं काय करू?”

मी समुपदेशक आहे, चर्चची पाळक म्हणजे धर्मगुरू नाही. तरीही समोरची व्यक्ती ज्या वचनाच्या आधारावर उभी आहे, ते बाजूला ठेवून तिच्याशी दुःखाविषयी बोलणे मला योग्य वाटत नाही. म्हणून मी त्यांना बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय वाचायला सांगितला, कारण तो भाऊ गमावलेल्या दोन बहिणींचाच आहे. ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ हे वचन दफनविधीत ऐकून त्यांना तोंडपाठ होते. त्याच्या मागचेपुढचे मात्र लक्षात नव्हते. त्या बहिणींच्या भावाला, लाजराला, कबरेत ठेवून चार दिवस झाल्यावर येशू पोहोचतो, तेव्हा आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता, असे मार्था त्याला तोंडावर सांगते आणि मरियाही पुढे तेच म्हणते. येशू दोघींपैकी कोणालाही रागावत नाही. लाजराला आपण मरणातून उठवणार हे ठाऊक असतानाही तो स्वतः रडतो.

ताई बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी तोवर कोणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली: त्या दिवशी दादा निघताना सुखरूप प्रवासासाठी त्यांनीच प्रार्थना केली होती. खरा सल इथे होता. देवाला ‘तू कुठे होतास?’ असे विचारणे म्हणजे पाप, या भीतीने तो प्रश्न त्यांनी आत दाबला होता आणि तो रोज रात्री रडण्याच्या रूपाने वर येत होता. त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. मार्थेने तो प्रश्न विश्वास ठेवूनच विचारला होता, एवढे मात्र दाखवले. बायबलमधल्याच थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात प्रेषित पौल आशा नसलेल्या लोकांसारखा खेद करू नका असे लिहितो. खेदच करू नका, असे तो कुठेही लिहीत नाही. त्याच पौलाने करिंथकरांस लिहिताना मरणाला ‘शेवटला शत्रू’ म्हटले आहे.

बोलता बोलता त्या एकदा म्हणाल्या, “मलाही दादाकडे जावंसं वाटतं.” श्रद्धाळू माणसाच्या तोंडी असे वाक्य सहज येते आणि ऐकणारा ते भक्ती समजून सोडून देतो, तसे सोडू नये. जीव देण्याचा विचार मनात येतो का, असे मी सरळ विचारले. तसा विचार नव्हता, होती ती केवळ भेटीची ओढ. असे विचारल्याने नसलेला विचार मनात शिरत नाही, उलट मनात असेल तर बोलायला वाट मिळते.

पुढच्या काही भेटींत आम्ही वहीकडे वळलो. दादाचे अक्षर खोडायचे नाही, त्याखाली आपल्या अक्षरात ‘मिळाले’ आणि तारीख लिहायची, असे त्यांनी स्वतःच ठरवले. एका रविवारी उपासनेनंतर त्या घरी आईसमोर मोकळ्या रडल्या. मुलीला त्रास नको म्हणून आईही न्हाणीघरात जाऊन रडत होती, हे तेव्हा त्यांना कळले. रडणे थांबलेले नाही, पण त्याबद्दलचा अपराधीपणा ओसरला आहे.

सहा महिन्यांहून अधिक काळ लोटूनही तीव्र दुःखामुळे जेवण, झोप, काम यांची घडी बसतच नसेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गीकरणात त्याला दीर्घकालीन शोकविकार म्हणून ओळखले जाते आणि त्यावर उपचार आहेत. मरणाचे विचार येत असतील, तर मात्र सहा महिनेच काय, एक दिवसही थांबू नये. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो. प्रार्थना चालू ठेवूनही तो फिरवता येतो, आणि तसे सांगण्याचे काम पाळकांनी व मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी केले, तर ते लोकांना लवकर पटते.