सिलिंडर नंबर असेल तर साध्या कॉन्टॅक्ट लेन्स चालतात का?

प्रश्न: वय 22, नागपूर. दोन्ही डोळे −3.50, सिलिंडर −1.75. दुकानदार म्हणतो साध्या मंथली लेन्स चालून जातील. इथल्या उन्हाळ्यात त्रास होईल का? रंगीत घेता येतील का?

उत्तर: नाही चालणार. सिलिंडर म्हणजे डोळ्याच्या एकाच दिशेला लागणारा जादा नंबर. तो पाऊणपर्यंत असता तर एकवेळ भागलं असतं, पावणेदोनला नाही भागत. टोरिकच घ्या, म्हणजे सिलिंडरचा नंबर असलेल्या लेन्स.

माझा नंबर −2.00, सिलिंडर −1.50. कॉलेजात असताना दादा मला बर्डीतल्या एका दुकानात घेऊन गेला, कारण मालक त्याचा मित्र. मित्राने सिलिंडरचा अर्धा भाग मूळ नंबरात मिळवला आणि −2.75 च्या साध्या लेन्स काढून दिल्या. हा हिशेब खोटा नाही, पण तो थोड्या सिलिंडरपुरता. मी तिथेच म्हटलं, तक्त्यातली खालची ओळ फाटल्यासारखी दिसते आहे. "ताई, सवय होऊन जाईन!" संध्याकाळी व्हेरायटी चौकात उभी राहिले तर समोरच्या प्रत्येक दिव्याला शेपूट. बसचा नंबर 3 की 8, हे बस अंगावर येईस्तोवर कळेना.

घरी सांगितलं तर दादाचं उत्तर तयार होतं: "एवढे लोक लेन्स घालतात, तुलाच कसं दिसत नाही? तुला मेलं प्रत्येक गोष्टीत खोट दिसते." मित्राकडे पैसे परत मागायचे नसतात म्हणे. मी मागितले. ते मिळाले नाहीत, पण "हिने माझी इज्जत घालवली" हे दादा आजही पाहुण्यांना चहाबरोबर ऐकवतो.

नंतर धरमपेठेत एका ऑप्टोमेट्रिस्ट बाईंनी रीतसर तपासलं. ट्रायलची टोरिक घालून थोडा वेळ नुसतं बसवून ठेवलं, मग स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली पाहिलं. टोरिकवर केसासारखी बारीक खूण असते. ती पापणी उघडझाप केल्यावरही ठरल्या जागी यायला हवी. माझी उजवी फिरत होती. लेन्स 10 अंश फिरली तरी सिलिंडरचा साधारण एक तृतीयांश फायदा जातो. त्यांनी ॲक्सिस (सिलिंडरचा कोन) बदलून दुसरी घातली आणि खालची ओळ मी न अडखळता वाचली.

तेव्हा ट्रायल घालून, खूण पाहून मगच ऑर्डर. चष्म्याचा कागद बघून परस्पर डबी देणारा दुकानात बसलेला असो की ऑनलाइन, त्याच्या नादी लागू नका. चष्मा डोळ्यापासून सुमारे 12 मिलिमीटर दूर असतो, लेन्स डोळ्यावरच. त्यामुळे 4 च्या वरचे नंबर जसेच्या तसे उतरत नाहीत. तुमचा एका दिशेला सिलिंडर मिळवून −5.25 होतो, तिथे लेन्सला साधारण −5.00 पुरतो.

उन्हाळ्याचं म्हणाल तर त्रास होईल, 45 डिग्रीत कोणाला होत नाही? सिलिकॉन हायड्रोजेल (डोळ्याला जास्त हवा पोचू देणारा मऊ प्रकार) घ्या, कूलरचा झोत थेट तोंडावर घेऊ नका, गाडीवर स्कार्फसोबत गॉगलही लावा, आणि सोल्यूशनची बाटली मे महिन्यात डिक्कीत ठेवू नका. लग्नाकार्यापुरत्याच घालणार असाल तर डेली, एकदा घालून फेकायच्या. मंथली म्हणजे पाकीट फोडल्यापासून महिना, मग घाला की डबीत ठेवा. नळाचं पाणी लेन्सला कधीच लावायचं नाही, त्यातल्या अकँथामीबा नावाच्या सूक्ष्मजीवाने डोळा जाऊ शकतो. रंगीतमध्ये टोरिकचे पर्याय कमी, आणि त्याही मापानेच घ्यायच्या. मैत्रिणीच्या घालून पाहायच्या नाहीत.

दादा आता सत्तेचाळीसचा. पेपर हातभर लांब धरतो आणि मल्टिफोकलचं मलाच विचारतो. मी सांगितलं, त्यात दूरचा आणि जवळचा असे दोन्ही नंबर एकाच वेळी बाहुलीसमोर असतात, दोन्हीकडे थोडी तडजोड होते. नाहीतर एका डोळ्याला दूरचा, दुसऱ्याला जवळचा. मेंदूला जुळवून घ्यायला काही आठवडे लागतात. यावर तो लगेच, "म्हणजे सवय होतेच ना! माझा मित्र बरोबर होता." नव्हता. इथे दोन्ही नंबर लेन्समध्ये असतात, मेंदूने फक्त निवडायचं असतं. माझ्या लेन्समध्ये सिलिंडर नव्हताच, मग सवय कशाची करायची? हे त्याला वीस वर्षांत पटलेलं नाही. तुमच्या दुकानदारालाही पटणार नाही, वाद घालत बसू नका.

एक राहिलं. डोळा लाल झाला, दुखला किंवा उजेड सहन होईना तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि तुमचा सिलिंडर दर तपासणीत वाढत असेल, ॲक्सिस सरकत असेल, डोळे चोळायची सवय असेल, तर आधी नेत्रतज्ज्ञाकडून कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या आकाराची तपासणी करून घ्या. केराटोकोनस (हा पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येणं) निघाला तर बहुतेकदा मऊ टोरिक पुरत नाही, आरजीपी किंवा स्क्लेरल अशी कडक लेन्स लागते, आणि ते काम चष्म्याच्या काउंटरवर होत नाही.