प्रवासात सतत भांडलो, म्हणजे आमचे जमत नाही का?

लांबच्या प्रवासाहून परतलेली जोडपी समुपदेशनासाठी माझ्याकडे थोड्याफार फरकाने एकच प्रश्न घेऊन येतात: घरी आमचे बरे चालते, पण बाहेर पडल्यावर आम्ही रोज भांडलो, मग यातले खरे आम्ही कोणते?

लग्नाला तीन वर्षे झालेले पुण्याचे एक जोडपे (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) पाठीवर सॅक घेऊन पेरू आणि बोलिव्हियाच्या अँडीज पर्वतराजीत महिनाभर हिंडून आले होते. पत्नी म्हणाली, "हा माणूस मला तिथे पहिल्यांदाच दिसला. विचारले तर उत्तर नाही, ताट समोर आले की बाजूला सारायचे आणि मी काही ठरवले की कपाळाला आठ्या." पतीचे म्हणणे एका वाक्यात संपले, "ही सारखी मागे लागते." दोघेही घटस्फोट हा शब्द टाळत होते, पण तो खोलीत होता.

मी त्यांना फोनमधली छायाचित्रे आणि आरक्षणाचे मेल पाहून एक साधा तक्ता करायला सांगितला: कोणत्या रात्री कुठे झोपलो, त्या गावाची उंची किती आणि त्या दिवशी भांडण कशावरून झाले. तक्ता पुढच्या भेटीत आला. ते लिमाहून, म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटीवरून, दीड तासाच्या आतल्या विमानप्रवासाने सुमारे ३,४०० मीटरवरील कुस्कोला उतरले होते. पहिले भांडण त्याच संध्याकाळी, सान ब्लासच्या चढत्या दगडी गल्ल्यांमध्ये, हॉस्टेल इतक्या वर का घेतले यावरून झाले. दोनच दिवसांनी पतीच्या आग्रहाखातर ५,००० मीटरहून उंच असलेल्या विनिकुंका या रंगीत डोंगरावर ते गेले, तेव्हा दुसरे झाले. टिटिकाका सरोवराकाठच्या पुनोमध्ये, सुमारे ३,८०० मीटरवर, तर दिवसातून दोनदा. मधल्या काळात ओयांताइताम्बो (सुमारे २,८०० मीटर) आणि माचू पिचू (सुमारे २,४०० मीटर) या भागात घालवलेल्या दिवसांसमोरचा रकाना मात्र जवळजवळ कोरा होता.

मी डॉक्टर नाही, पण या कामात शरीराचा हिशेब वगळून चालत नाही. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण उंचावरही तेवढेच असते. दाब मात्र उतरतो, आणि कुस्कोच्या उंचीवर तो समुद्रसपाटीच्या साधारण दोनतृतीयांश राहतो. सवय होण्यापूर्वी डोके दुखते, मळमळते, अन्नावरची वासना जाते, झोप तुटते आणि माणूस चिडका होतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याच्या जागेची उंची रोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, असा वैद्यकीय संकेत आहे. यांनी पहिल्याच उडीत शून्यावरून ३,४०० गाठले होते. पती दर रविवारी सिंहगड चढणारा, कळसूबाई अनेकदा केलेला. त्यामुळे आपल्याला त्रास होणार नाही, झालाच तर पत्नीला होईल, हे त्याने गृहीत धरले होते. प्रत्यक्षात चांगला दम विरळ हवेपासून संरक्षण देत नाही, आणि महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर १,६४६ मीटरचे आहे. त्रास त्यालाच झाला, आणि तो त्याने लपवला.

पुनोतल्या रात्रींबद्दल पत्नीने जे सांगितले, ते ऐकून तो प्रथमच तिच्याकडे वळून पाहू लागला. झोपेत त्याचा श्वास काही क्षण थांबायचा, मग धाप लागल्यासारखा जोरात सुरू व्हायचा. ती अंधारात जागी राहून पुढच्या श्वासाची वाट पाहायची. उंचीवर असा खंडित श्वास बऱ्याच जणांचा होतो, पण हे तिला ठाऊक नव्हते. सकाळी ती विचारी, "अरे, बरे वाटतेय ना?" आणि त्याला तो मागे लागणे वाटे.

येथे एक गोष्ट गांभीर्याने सांगावीशी वाटते. जोडीदाराचे गप्प होणे हा उंचीवर नेहमीच रुसवा नसतो. बोलण्यात गोंधळ, चालताना तोल जाणे किंवा बसल्या जागी धाप लागणे ही जीवघेण्या आजाराची चिन्हे असू शकतात. अशा वेळी भांडण तिथेच सोडून तत्काळ खाली उतरावे लागते, आणि ते ओळखणारे माणूस बहुधा जोडीदारच असते. म्हणून उंच भागात निघालेल्या जोडप्यांना मी सुचवते की, सकाळ-संध्याकाळ एकमेकांना "डोके दहापैकी किती दुखतेय?" एवढेच विचारावे आणि खरा आकडा सांगावा. "कसे वाटतेय?" या प्रश्नाला आपल्याकडचे पुरुष "ठीक" यापलीकडे उत्तर देत नाहीत.

तक्ता पाहून पतीचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे सगळे हवेमुळेच!" तो म्हणाला. तेव्हा मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. सर्वांत कडाक्याचे भांडण परतीच्या दिवशी, लिमामध्ये, समुद्राकाठी झाले होते. महिनाभर बसची तिकिटे, खोल्या, पैशांचा हिशेब आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमधली घासाघीस पत्नीनेच केली होती; तो चुका दाखवत होता. त्या दिवशी विमानतळावर जायची टॅक्सी महाग ठरवली, असे तो म्हणाला आणि तिने फोन त्याच्या हातात ठेवून दिला. हे भांडण उंचीचे नव्हते. विजेचे बिल, कामवाल्या ताईंची सुट्टी, सासूबाईंच्या डॉक्टरांची वेळ, या सगळ्यांत पुण्यातही तेच चालले होते. तिथे दोघांची कार्यालये आणि नातेवाईक मध्ये असल्याने ते उघडे पडत नव्हते इतकेच.

त्यामुळे पुढच्या भेटींमध्ये आम्ही पेरूबद्दल फारसे बोललो नाही. घरातील कोणती कामे कोण लक्षात ठेवते, याची यादी झाली. ती बरीच एकतर्फी निघाली आणि त्यावरून माझ्यासमोरच खडाजंगी झाली. सासूबाईंच्या डॉक्टरांकडच्या फेऱ्या आता त्याच्याकडे आहेत. बिलांवरून अजून वाद होतात. पुढच्या उन्हाळ्यात लेहला जायचे त्यांच्या मनात आहे. तेही सुमारे ३,५०० मीटरवर असल्याने थेट विमानाऐवजी श्रीनगर-कारगिल मार्गाने टप्प्याटप्प्याने जायचे ठरले आहे, आणि या वेळी सगळी आरक्षणे तो करणार आहे.